डिकीतला देव

"केलं का विसर्जन, दादा?" आमचा जिना झाडणाऱ्या मावशींनी विचारलं. मी जिन्याखाली स्कूटर लावत होतो, हेल्मेट अजून डोक्यातच होतं. "हो, हो. त्याच दिवशी," म्हणालो आणि जरा जास्तच घाईनं वर निघालो. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत कान गरम झाले होते. कारण विसर्जनबिसर्जन काही झालेलं नव्हतं. देव डिकीतच होता. ओला रेनकोट, पीयूसीचा चुरगळलेला कागद, भाजीची कापडी पिशवी आणि त्या पिशवीत मावशींनीच दिलेल्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक फुटकी टाइल. टाइलवर दत्त. तडा बरोबर गाईच्या पाठीवरून गेलेला, आणि चार कुत्र्यांपैकी दोन एका तुकड्यावर, दोन दुसऱ्यावर. तीन आठवडे मी त्यांना घेऊन गावभर फिरत होतो. स्पीडब्रेकर आला की मागून खण्ण असा आवाज यायचा.

मी देव मानत नाही.

म्हणजे कुणी मोठा नास्तिक वगैरे नाही मी. बारावीला परीक्षेआधी सारसबागेच्या गणपतीला जायचं राहून गेलं आणि मार्क पडायचे तेवढेच पडले. तेव्हापासून आमचं दोघांचं बोलणं कमी होत गेलं, इतकंच. भांडण नाही, अबोला नाही. शेजारी राहणाऱ्या दोन जुन्या भाडेकरूंसारखं. मग हे खोटं इतकं का टोचावं? घरी बायकोला "निघालोच" असं सांगून ऑफिसात अर्धा तास बसतो, ते टोचत नाही. नारायण पेठेतल्या एका गल्लीत नो एंट्रीतून रोज शिरतो, ते तर मी चूक म्हणूनही मोजत नाही. (त्या तीन आठवड्यांतही शिरत होतो. देव डिकीत घेऊन.) पण मावशींना म्हटलेला तो एका अक्षराचा "हो" घशात अडकल्यासारखा झाला. ज्याचं विसर्जन करायचं तो देव मी मानत नाही, मावशींना कळायचं काही कारण नाही. मग मी घाबरलो कुणाला?

गोष्ट जिन्यातल्या कोपऱ्यापासून सुरू झाली. आमची बिल्डिंग शनिवार पेठेत, वाडा पाडून बांधलेली. तळाला दुकानं, वर आम्ही. जिन्याच्या पहिल्या वळणावर एक अंधारा कोपरा आहे आणि वर्षानुवर्षं तिथं कुणीतरी थुंकत आलंय. ताजं असताना कुंकवासारखं, वाळल्यावर गेरूसारखं, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली की पुन्हा जिवंत झाल्यासारखं ओघळणारं. वास वेगळाच: कात, चुना आणि गोडसर सुपारी. आमचा सगळ्यांचा संशय कुरिअरवाल्या पोरांवर. संशय नेहमी जिना चढून येणाऱ्यावर जातो, जिन्यात राहणाऱ्यावर कधी जात नाही.

पुण्याच्या रीतीप्रमाणे आधी पाटी लागली. "थुंकणाऱ्याने खाली आपले नाव लिहावे, म्हणजे पुसणाऱ्यास आभार मानता येतील." मजकूर माझा होता, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. आठ दिवसांत त्या पाटीवरच पिचकारी पडली, नेमकी "आभार" वर. मग सभेत कॅमेऱ्याचा विषय निघाला, कोटेशन आलं, ते वाचून सगळे काही वेळ गप्प बसले. शेवटी चेअरमन म्हणाले, "देव लावू. स्वस्त पडतात. कॅमेऱ्याला वीज लागते, यांना लागत नाही." फरशीच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं न विचारताच पूर्ण सेट काढून दिला: गणपती, शंकर, दत्त, साईबाबा, शिवाय काबा आणि क्रॉससुद्धा. "थुंकणारा कुठला ते आपल्याला माहीत नसतं ना साहेब, सगळे घेऊन ठेवा." सर्वधर्मसमभाव इतक्या व्यवहारी आवाजात मी पूर्वी ऐकला नव्हता. सभेत विरोध करायची संधी मला होती. मी फक्त "दिसायला कसं दिसेल?" एवढं पुटपुटलो आणि हात वर केला.

आणि उपाय लागू पडला. महिनाभरात कोपरा लख्ख. मी मनातल्या मनात हरल्याची नोंद घेतली. पाटीनं जमलं नाही, लाज वाटून जमलं नाही, बोलून जमलं नाही. सहा बाय आठ इंचाच्या भाजलेल्या मातीनं जमलं. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा मला मुद्दाम थांबवून म्हणाले, "बघा, धाक हवा. धर्म काढून घ्या, समाज आठ दिवसांत जिना करून ठेवेल." मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर कोपरा स्वच्छ झाल्याचा आनंद इतका होता की उत्तर द्यायची गरजही वाटली नाही.

मग एका सकाळी दूध आणायला खाली उतरताना मावशी दिसल्या. खालच्या पायरीवर त्यांच्या चपला शेजारी-शेजारी काढून ठेवलेल्या. त्या अनवाणी, ओल्या लादीवर उकिडव्या बसून एका पिवळ्या फडक्यानं एकेक देव पुसत होत्या. लादीचं फडकं बादलीत वेगळं. मला बघून म्हणाल्या, "देवाला लादीचं फडकं कसं लावायचं, दादा? घरून आणलं हे." पूर्वी त्या इथं ॲसिड टाकायच्या, खराट्यानं खसाखसा घासायच्या आणि पाच मिनिटांत मोकळ्या व्हायच्या. आता देव खाली, पायांच्या पातळीवर. झाडू मारला तरी देवाला लागतो. "लावणाऱ्यांनी लावले. फटका रोज माझ्या हातनं बसतो. पाप कुणाच्या नावावर जायचं?" त्या हसत होत्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. आणि मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, "वर गच्चीच्या जिन्यात बघा एकदा. तिकडं गेलाय तो आता."

गेलो बघायला. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वळणावर, जिथं आमचे देव पुरले नव्हते, तिथं तोच कुंकवाचा सडा.

थुंकणारा दोन मजले वर सरकला होता, आणि चपला मावशींनी काढल्या होत्या.

तिथून हे डोक्यात बसलं. देवाचा धाक म्हणतात तो नेमका कुणाला वाटतो? ज्याच्यासाठी लावला त्याला तो एका कोपऱ्यापुरता वाटला. ज्या बाईनं आयुष्यात कधी जिन्यात थुंकलं नाही, उलट दुसऱ्यांचं थुंकलेलं पुसत आली, तिच्या डोक्यावर त्याचं सगळं ओझं. रोज वीस मिनिटं जास्तीचं काम, तेही त्याच पगारात. आणि एवढा विचार करणाऱ्या मला कोपरा स्वच्छ दिसला, फडकं दिसलं नाही.

पण इथवर आलं की आजी आडवी येते. माझी आजी देवभोळी होती आणि मला जे काही वागायचं वळण आहे ते सगळं तिच्याकडून आलंय. त्या वळणाचं व्याकरण एका शब्दावर उभं होतं: "नाहीतर". मीठ सांडू नये, नाहीतर वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. ताटात टाकू नये, नाहीतर अन्नपूर्णा रुसते. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा, नाहीतर विद्या येत नाही. लहानपणी मी खरोखर आरशापुढे उभा राहून पापण्यांनी मीठ कसं उचलता येईल याचा सराव केला होता. आज त्यातलं एक अक्षर मी खरं मानत नाही. तरी ओट्यावर मीठ सांडलं की बोट ओलं करून कण न् कण टिपतो. नास्तिक होताना मी "नाहीतर" टाकून दिलं आणि त्याच्या आधीचं वाक्य ठेवून घेतलं. हे माझं कर्तृत्व म्हणायचं की तिची पुंजी मी बसून खातोय? माझी मुलगी मीठ सांडलं तर फडकं मारते आणि पुढे जाते. तिला मी काय सांगू? "नाहीतर" नंतर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आजीची दुसरी गोष्ट पानशेत धरण फुटलं तेव्हाची. १२ जुलै १९६१. आमच्याकडे ही तारीख वाढदिवसासारखी पाठ असते. वाडा नदीजवळ, आजी तेव्हा तिशीतली. "पाणी आलं, पाणी आलं" अशी ओरड झाली तेव्हा कडेवर माझी आत्या आणि हातात दुधाचं पातेलं घेऊन ती निघाली. दूध का घेतलं, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा वाड्यात गुडघाभर चिखल आणि त्या चिखलाला घासलेटाचा, कुजक्या धान्याचा वास. पण पुढचे कित्येक दिवस भांडी घरी येत राहिली. तेव्हा पितळेच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. कुणी दोन आळ्या पलीकडून तांब्या घेऊन यायचं, कुणी घंगाळ डोक्यावर घेऊन. नाव वाचायचं, पत्ता शोधायचा, देऊन जायचं. ज्यांचं स्वतःचं सगळं गेलं होतं ती माणसं दुसऱ्याचा गडवा परत करायला चिखल तुडवत येत होती.

आलं नाही ते देव. आजीच्या लग्नात गौरीहराला पुजलेली, तिच्या आईनं दिलेली चांदीची अन्नपूर्णा देव्हाऱ्यातून गेली. पाण्यानं नाही, देव्हारा भिंतीत उंच होता, हळदीकुंकवाचा करंडा जागेवर होता. कुणीतरी उचलून नेली होती. लहानपणी मला नेहमी वाटायचं की देव चोरणारा किती वाईट असेल. आजी म्हणायची, "नेणाऱ्यानं मोडीत थोडीच घातली असेल रे? देव आहे तो. मांडली असेल स्वतःच्या देव्हाऱ्यात. रोजचा नैवेद्य चुकत नसेल तिला." हे ती समजूत घालायला म्हणायची की खरंच मानायची, कोण जाणे. पण मी आजही त्या घराची कल्पना करतो. पुण्यात कुठेतरी एक कुटुंब साठ-पासष्ट वर्षं चोरलेल्या अन्नपूर्णेपुढे हात जोडतंय, तिला दूधसाखर दाखवतंय, मुलांना सांगतंय की खोटं बोलू नये. आणि ती मुलं कदाचित खरंच खोटं बोलत नसतील.

आजीचं अजून एक सांगायला हवं, नाहीतर ती फार गोड होऊन बसेल. (बघा, आलंच "नाहीतर".) मागच्या दारी खिडकीच्या फळीवर एक कान तुटलेला कप असायचा. वाडा झाडायला येणाऱ्या बाईचा. आजी तिला स्वतःच्या आधी चहा द्यायची, आलं घालून, सणाला साडी द्यायची, तिच्या मुलीच्या बाळंतपणात तूप पाठवलं होतं. पण कप तो. वरून ओतायचा. त्यात आजीला काही वावगं वाटलं नाही, तिची झोप कधी मोडली नाही. ज्या पोथ्यांनी तिला शिताची किंमत शिकवली त्याच पोथ्यांनी तो कप फळीवर ठेवला होता. धर्म सद्सद्विवेक जागा करतो म्हणतात. तो त्याला थोपटून निजवतोही, हे मी त्या कपाकडे बघून शिकलो, अर्थात फार उशिरा. आज आमच्याकडे मावशींना चहा आमच्याच कपातून असतो. मात्र त्या तो जिन्यात उभ्यानं पितात. आत या म्हणून मी कितीदा म्हटलंय, आठवावं लागेल.

तर टाइल. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं कपाट उतरवताना दत्तावर आदळलं. तुकडे पडले ते मावशींनी गोळा केले. कचऱ्यात टाकवेनात. घंटागाडीवालाही पिशवीत डोकावून म्हणाला, "हे नाही घेत आपण." चेअरमन म्हणाले, "बघू काहीतरी." देवाच्या बाबतीत हे वाक्य फार दूरवर जातं. शेवटी मावशींनी आपला टॉवेल काढला, त्यात तुकडे बांधले आणि माझ्या हातात दिले. "तुम्ही नदीवरनं जाता ना रोज? तुम्हीच करा. तुमच्याकडनं होईल नीट." माझीच निवड का केली असेल? बहुधा मी गप्प असतो म्हणून. गप्प माणूस लोकांना धार्मिक वाटतो.

त्याच संध्याकाळी गेलो. श्रावणातली भुरभूर, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली. ओंकारेश्वराजवळच्या पुलावर स्कूटर कडेला घेतली. कठड्याला उंच जाळी. आपण निर्माल्य नदीत टाकू नये म्हणून महापालिकेनं लावलेली, म्हणजे आमच्या श्रद्धेवरचा कॅमेराच म्हणायचा. खाली मुठा चहाच्या रंगाची, जोरात. देवळातली घंटा, भिजलेल्या झेंडूचा वास, मागून पीएमपी बसचा धूर. टाइल जाळीवरून भिरकावता आली असती. नाही भिरकावली. नदीत भाजलेली माती न् ग्लेझ टाकायचं नाही, हा माझा धर्म. कचऱ्यात टाकायचं नाही, हा मावशींचा. दोघांचे धर्म पाळून मी पिशवी हातात धरून उभा.

आणि उभा कुठं होतो, तर विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाच्या पुलावर. आपण ओंकारेश्वराचा पूल म्हणतो, नाव त्यांचं आहे. ऑक्सफर्डला जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेला, प्रार्थना समाजाचा प्रचारक झालेला हा माणूस. १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि अस्पृश्यता घालवण्यात आयुष्य घातलं. ते सगळं धर्म सोडून नव्हे, धर्मासाठी. त्यांच्यापुरतं तरी देव आणि तुटका कप एका घरात राहू शकत नव्हते. आणि त्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचा देवावर विश्वास नव्हता; तरी त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, असं जन्मभर सांगत राहिली. वर्षानुवर्षं अडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम मग आठवड्याच्या आत निघाला. २०२४ च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. खुनाच्या दिवशी सकाळी मी याच पुलावरून ऑफिसला जाणार होतो, रस्ता बंद होता, दुसरीकडून वळवलं. उशीर होतोय म्हणून माझी चिडचिड झाली होती, हे मला आठवतं. कारण नंतर कळलं.

एक देवासाठी झिजलेला, एक देवाशिवाय. पूल एकच.

या गावाला तशी सवय आहेच. आगरकर देव मानत नव्हते, १८८८ पासून "सुधारका"त तसं उघड लिहीत होते, तर पुण्यानं त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. माणूस चाळिशीही न बघता १८९५ साली गेला. मोठ्या पगाराच्या आशा माझ्याकडून करू नकोस, असं आईला आधीच कळवून ठेवलेला. उशाशी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते म्हणतात. कुणाला आपला भार नको, हे कुठल्या नरकाच्या भीतीनं? त्यांच्या आधी जोतीराव. त्यांनी भट सोडला, पोथी सोडली, पण निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, सोडला नाही. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तोपर्यंत पाणी नाकारणारे लोक काही गुंड नव्हते. सकाळी उठून संध्या करणारे, खोटं तोलायला घाबरणारे, शांत झोपणारे लोक होते. मला त्यांची भीती वाटते ती यासाठी की ते माझ्या आजीसारखे दिसतात.

उलट बाजूही रोज दिसते. ज्ञानोबा-तुकारामांच्या पालख्या पुण्यात येतात त्या दोन दिवसांत भवानी पेठ, नाना पेठ बघा. चांभार फुकट चपला शिवतो, न्हावी रस्त्यावर खुर्ची टाकून वारकऱ्यांची दाढी करतो, एरवी सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाईकाचा पाणउतारा करणारा दुकानदार केळ्यांचे घड घेऊन उभा राहतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुणं सुरू. पण त्या दोन दिवसांचा चांगुलपणा खोटा असतो असं मला म्हणवत नाही. आमच्यासारख्यांकडे असे दोन दिवस कुठले? आम्हाला चांगलं वागायचं तर एकेकट्यानं, आपापल्या गॅलरीत, कुणी बघत नसताना ठरवावं लागतं. दमायला होतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र देहूरोडला राहतो. तिथल्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली. नाताळच्या सुट्टीत आम्ही महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो तेव्हा हा तिथं असतो. डब्याच्या वेळी त्याला टाइलची सगळी हकीकत सांगितली. तो भाकरी मोडत म्हणाला, "आमच्यात देव नाही. पण पंचशील आहे, लहानपणापासून रोज म्हणतो. त्यात 'नाहीतर' कुठंच नाही. मी हिंसेपासून दूर राहायचं शिकेन, चोरीपासून दूर राहायचं शिकेन. बस. कोण शिक्षा करणार, काही लिहिलेलं नाही." मी म्हटलं, मग पाळतोस का? तो हसला. "चौथं अवघड जातं." चौथं म्हणजे खोटं बोलणं. पुढचा घास मला जरा कोरडाच गेला.

आपल्या भाषेनं हा घोळ कधीच घालून ठेवलाय, असं मला अलीकडे वाटतं. शेजारधर्म म्हणतो त्यात देव कुठला शेजारी राहत असतो? शेजारी गावाला गेला की त्याच्या कुंड्यांना पाणी घालायचं, एवढाच तो धर्म. ट्रक तोलतात तो धर्मकाटा. दानधर्म, आपद्धर्म. धर्म हा एकच शब्द आपण पोथीलाही वापरतो आणि कुंडीतल्या पाण्यालाही. आमच्या मजल्यावरचे आजोबा "धर्म काढून घ्या" म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात पोथी होती. पण ते स्वतः रोज सकाळी समोरच्या एकट्या बाईंचं वर्तमानपत्र त्यांच्या दारात नीट ठेवतात, ओलं होऊ नये म्हणून. हे ते कुठल्या धाकानं करतात, विचारायला हवं. विचारलं तर म्हणतील, "धाक कसला त्यात?"

मावशी राहतात दांडेकर पुलाच्या वस्तीत. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठेचा उजवा कालवा फुटला तेव्हा त्या आमच्याच जिन्यात काम करत होत्या. घरी गेल्या तर घरात पाणी, भांडी रस्त्यावर. आता स्टीलवर नावं घालत नाही कुणी, तरी त्यांची कळशी त्यांना परत मिळाली, शेजारणीनं पोचा बघून ओळखली. हे त्यांनी मला मागे कधीतरी सांगितलं होतं. कळशी परत देणारीच्या मनात देव होता की नाही, हे विचारावं असं आम्हा दोघांनाही तेव्हा सुचलं नाही.

शेवटी चार दिवसांपूर्वी सकाळी लवकर उतरलो. चपला खालच्या पायरीवर, पिवळं फडकं सुरू. दत्ताच्या जागी सिमेंटचा चौकोन, तोही त्या पुसून घेत होत्या. म्हटलं, "मावशी, ते विसर्जन. केलं नाही मी. खोटं सांगितलं तुम्हाला. डिकीतच आहे अजून."

त्यांनी फडकं पिळलं. "ठाऊक आहे की. रेनकोट काढत होता तुम्ही, माझा टॉवेल दिसला पिशवीतनं."

"कधी?"

"विचारलं ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"मग विचारलंत कशाला?"

"म्हटलं, बघावं," त्या म्हणाल्या, आणि या वेळी पूर्ण हसल्या. मी काय करू आता त्याचं, असं विचारलं तर बादली उचलून वर निघाल्या. गच्चीच्या जिन्यातलं अजून घासायचं होतं. दोन पायऱ्या चढून वळल्या. "राहू द्या डिकीतच. गाडी तरी नीट चालवाल."

काल रात्री एका मित्राकडून परत येताना टिळक रस्त्यावर सिग्नल लाल होता. साडेअकरा वाजून गेलेले, पाऊस नुकताच थांबलेला, मामा नाही, समोरून कुणी नाही. रस्ता भर दुपारी कधी दिसत नाही इतका रुंद. ब्रेक दाबला तसं मागे खण्ण झालं. मागून एक पोरगा आला आणि हॉर्न द्यायला लागला. आधी तुटक, मग सलग. आरशात बघितलं, तो हातानं विचारत होता, काय झालं?

अजून एक्केचाळीस सेकंद होते.